सापाच्या अंगावरची माइट: औषध कोणतं, किती आणि कुठं?

या वेळच्या पत्रांत पाळीव सापांवरच्या माइटचा, म्हणजे रक्त पिणाऱ्या बारीक परजीवींचा, विषय सगळ्यांत जास्त आला, म्हणून उत्तरं एकत्र देत आहोत. जवळजवळ प्रत्येक पत्र औषधाच्या नावाने सुरू होतं. नाव ठरवण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या: सापाचं वजन ग्रॅममध्ये, बाटलीवरची टक्केवारी, आणि घरात सापाशिवाय दुसरे कोणते प्राणी आहेत. या तिन्हींशिवाय दिलेला औषधाचा सल्ला, मग तो आमचा असला तरी, पाळू नका.

प्रश्न : आमच्या बॉल पायथनचं वजन ६५० ग्रॅम आहे. आठवडाभर तो पाण्याच्या भांड्यातून बाहेर येत नाही. भांड्याच्या तळाला खसखशीएवढे काळे ठिपके दिसतात. दुकानदाराने कुत्र्यांच्या गोचिडांसाठीची फिप्रोनिलची फवारणीची बाटली दिली आहे. सापावर थेट मारू का? (एक वाचक, कुपवाड)

उत्तर : थेट मारू नका. बाटली बाजूला ठेवा आणि आधी खात्री करून घ्या. पांढरा टिश्यू पेपर ओला करून सापाला मानेकडून शेपटीकडे त्यातून जाऊ द्या. कागदावर काळे किंवा लालसर दाणे चिकटले आणि चिरडल्यावर रक्ताचा डाग पडला, तर ती सापावरची माइट. तिचं शास्त्रीय नाव ओफिओनिसस नॅट्रिसिस. रक्त पिऊन टम्म झालेली मादी एक मिलिमीटरहून थोडी मोठी असते, म्हणून ती डोळ्यांना दिसते. पिल्लं मात्र धुळीसारखी दिसतात. हनुवटीखालची घडी, डोळ्याच्या कडा, ओठांवरचे उष्णता ओळखणारे खड्डे आणि शेपटीजवळचं अवस्कर (विष्ठा बाहेर पडायची जागा) या चार जागा भिंगाखाली पाहा. अंगावर पांढरट भुकटी दिसली तर ती माइटची विष्ठा. साप भांड्यात बसून राहतो तो त्रास कमी व्हावा म्हणून. अंगावरच्या काही माइट बुडून मरतात, पण डोकं पाण्याबाहेर असतं आणि उरलेल्या सगळ्या डोक्यावर गोळा होतात. म्हणून नुसत्या अंघोळीने हा प्रश्न सुटत नाही.

आता हिचं आयुष्य समजून घ्या, कारण औषधाचं सगळं वेळापत्रक त्यावरच बसतं. मादी अंडी सापावर घालत नाही. साप सोडून ती अंधाऱ्या, ओलसर फटीत जाते आणि आयुष्यभरात ६० ते ८० अंडी घालते. पेटीतल्या ३० अंश सेल्सिअसला अंडं सव्वा दिवसात फुटतं, २० अंशांना चार दिवस लागतात. अंड्यातून निघालेली अळी काही खात नाही. त्यानंतरची अवस्था रक्त पिते, तिसरी पुन्हा उपाशी राहते, आणि मग पूर्ण वाढलेली माइट पुन्हा रक्तावर येते. उबेत हा फेरा दोन ते अडीच आठवड्यांत पुरा होतो. एका पूर्ण माइटचं आयुष्य ४० दिवसांपर्यंत असतं. बहुतेक औषधं अंड्यांवर चालत नाहीत. त्यामुळे एकदाच औषध लावून थांबलात तर पंधरवड्याने जी माइट दिसते ती नवीन आलेली नसते, तुमच्याच पेटीच्या फटीत वाढलेली असते.

पहिल्या दिवशी पेटी पूर्ण रिकामी करा. भुसा, कोकोपीट, झाडाची साल पिशवीत बांधून त्याच दिवशी घराबाहेर. लाकडाचा लपायचा डबा जुना असेल तर टाकून द्या. प्लास्टिकचा असेल तर उकळतं पाणी ओता. ५० अंशांच्या वर माइट काही सेकंदांत मरते. उन्हात ठेवण्यावर विसंबू नका, ती सावलीच्या बाजूला सरकते. पेटीचे कोपरे, काचेच्या खाचा, झाकणाची जाळी, हीटिंग पॅडच्या वायरीचं भोक, सगळं कडक गरम साबणपाण्याने ब्रशने घासा. फिनेल मात्र वापरू नका. त्यातले फिनॉलवर्गी पदार्थ सरपटणाऱ्या प्राण्यांना विषारी आहेत. साप ठेवलेल्या खोलीची फरशीसुद्धा त्याने पुसू नये.

साप तात्पुरता झाकणाच्या टबात ठेवा. झाकणाला भोकं, तळाला साधा टिश्यू किंवा शाई न लागणारा कोरा कागद, लपायला पुठ्ठ्याचा डबा. कागद रोज बदला आणि जुना थेट पिशवीत बांधा. टबाच्या काठाला आतून-बाहेरून बोटभर रुंद व्हॅसलिनचा पट्टा ओढा, म्हणजे माइट टब सोडून भिंतीवर जात नाही.

सापाला २८ ते ३० अंशांच्या पाण्यात २० ते ३० मिनिटं ठेवा. पाणी त्याच्या जाडीच्या निम्म्यापर्यंत, आणि तुम्ही समोर बसलेले. अशक्त, कोरडा पडलेला साप औषध सोसत नाही, म्हणून अंगात पाणी असणं ही औषधाआधीची अट आहे. खाल्ल्यावर पाच-सहा दिवस तरी जाऊ द्या, नाहीतर हाताळणीने तो उलटी करतो. डोळे निळसर झाले असतील, म्हणजे कात यायची असेल, तर औषध थांबवा. कातीबरोबर बऱ्याच माइट निघून जातात. कात निघाल्याबरोबर ती उचला आणि जाळून टाका.

आता तुमच्या हातातली बाटली. तिच्यावर ०.२५ टक्के लिहिलेलं आहे ना, हे आधी वाचा. कुत्र्याच्या मानेवर ओतायची छोटी नळी मिळते, ती ९.७ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ चाळीसपट तीव्र असते. दुकानात दोन्ही एकाच फळीवर असतात आणि याच घोटाळ्यात साप दगावतात. ०.२५ टक्के असेल तर मोकळ्या हवेत, हातमोजे घालून, मऊ सुती फडक्यावर तीन-चार फवारे मारा. त्यात अल्कोहोल असतं, म्हणून मिनिटभर फडकं तसंच धरा आणि वास उडू द्या. मग मानेपासून शेपटीपर्यंत एकदाच हलक्या हाताने पुसा. डोक्याला हे फडकं अजिबात नको. हनुवटीची घडी आणि डोळ्यांच्या कडा ऑलिव्ह तेलात टोक बुडवून निथळलेल्या कानकाडीने पुसा, माइट तेलात गुदमरतात. पाच मिनिटांनी सापाला कोमट पाण्याने धुवून कोरडा करा. पाण्याचं भांडं काही तासांनी ठेवा. रिकाम्या पेटीच्या कोपऱ्यांत तोच फवारा मारून दार उघडं ठेवा आणि पूर्ण २४ तास वाळल्याशिवाय साप परत ठेवू नका.

हेच दर ७ ते १० दिवसांनी, एकूण तीन वेळा. शेवटची माइट दिसल्यापासून सहा आठवडे कागदावरच ठेवा. कागदावर हवा कोरडी होते. माइटला ते मानवत नाही, पण बॉल पायथनलाही ५५ ते ६० टक्के दमटपणा लागतो, म्हणून दर तीन-चार दिवसांनी कोमट पाण्यात बसवा. ही बाटली कंपनीने सापांसाठी केलेली नाही, त्यामुळे सुरुवात करण्याआधी पशुवैद्याला वजनासह कळवा. १०० ग्रॅमच्या आतली पिल्लं असतील तर फिप्रोनिल नकोच, नुसतं पाणी, तेल आणि रोजचा कागद.

साप सुस्त झाला, तोंड उघडं ठेवू लागला, श्वासाला आवाज येऊ लागला किंवा पोटावर लाल-जांभळे डाग पडले, तर माइटचा विचार सोडून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. माइट एरोमोनास नावाचे जिवाणू एका सापाकडून दुसऱ्याकडे नेते, आणि रक्तात पसरलेल्या संसर्गाला फवाऱ्याचा काही उपयोग नाही.

प्रश्न : आमची द्राक्षबाग आहे. लाल कोळ्यासाठी अबामेक्टिन आणलेलं घरात आहेच. माइट म्हणजे कोळीच. तेच पातळ करून सापाच्या पेटीत मारलं तर? (एक बागायतदार, तासगाव)

उत्तर : नाही, कितीही पातळ केलं तरी नाही. तुमचं एक निरीक्षण बरोबर आहे: पानावरचा लाल कोळी आणि सापावरची माइट एकाच आठ पायांच्या गटातल्या. अबामेक्टिन आणि जनावरांना देतात ते आयव्हरमेक्टिन हीसुद्धा एकाच घराण्यातली रसायनं आहेत, म्हणून हा विचार मनात येणं साहजिक आहे. पण बागेचं औषध पाण्यात मिसळावं म्हणून त्यात सॉल्व्हंट आणि इमल्सिफायर घातलेले असतात. ते पानासाठी असतात. सापाच्या खवल्यांमधल्या पातळ कातडीतून आणि बंद पेटीतल्या वाफेतून ते शरीरात जातात. शिवाय १.९ टक्क्यांच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये १८ मिलिग्रॅमच्या आसपास औषध असतं, आणि सापाच्या मात्रा मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागात मोजल्या जातात. बागेच्या मापाने तिथे मोजताच येत नाही.

हीच गोष्ट गोठ्यातल्या डेल्टामेथ्रिनला, अमिट्राझला आणि झुरळांच्या खडूला लागू आहे. परमेथ्रिन ०.५ टक्क्याची सापांच्या पेट्यांसाठी बनवलेली तयार फवारणी परदेशात वापरतात, पण ती रिकाम्या पेटीत मारून पूर्ण वाळल्यावर. गोठ्यातल्या औषधाला तिचा दाखला देऊ नका.

बागेत फवारणी करून आल्यावर अंघोळ आणि कपडे बदलल्याशिवाय सापाला हात लावू नका. हे तुम्ही विचारलं नाही, पण द्राक्षपट्ट्यातल्या प्रत्येकाला सांगावंसं वाटतं.

प्रश्न : गाईंसाठीचं आयव्हरमेक्टिनचं १ टक्का इंजेक्शन मेडिकलमध्ये मिळतं. माझा कॉर्न स्नेक ४०० ग्रॅमचा आहे. त्याच खोलीत मुलीचं पाण्यातलं कासवही आहे. डोस सांगाल का? (एक वाचक ताई, कराड)

उत्तर : ताई, कासवाचा उल्लेख केलात हे फार बरं झालं. आयव्हरमेक्टिन कासवांना प्राणघातक आहे. औषध त्यांच्या मेंदूत शिरतं आणि पक्षाघात होतो. म्हणून पहिलं काम, कासवाची टाकी दुसऱ्या खोलीत, आणि ज्या हातांनी, मगाने, फडक्याने सापाचं औषध केलं ते टाकीजवळ न्यायचं नाही. फिप्रोनिल वापरायचं ठरलं तरी हाच नियम, कारण ते पाण्यातल्या जिवांना फार विषारी आहे.

आता हिशोब करू. सापांना सहसा किलोला ०.२ मिलिग्रॅम ही मात्रा दिली जाते. ४०० ग्रॅमला झाले ०.०८ मिलिग्रॅम. १ टक्का म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम. म्हणजे तुमच्या सापाला लागणार ०.००८ मिलिलिटर. आपल्याकडे मिळणाऱ्या ४० युनिटच्या इन्सुलिन सिरिंजवरची सगळ्यात लहान रेघ ०.०२५ मिलिलिटरची असते. त्या एका रेघेएवढं दिलंत तरी तिपटीहून जास्त मात्रा गेली. घरी इंजेक्शन द्यायचं नाही ते एवढ्यासाठी. पशुवैद्य योग्य द्रावकात औषध पातळ करून देतात आणि दोन आठवड्यांनी पुन्हा देतात.

डॉक्टरांनी फवारणी सुचवली तर तिचं रूढ प्रमाण एक लिटर पाण्यात ५ मिलिग्रॅम, म्हणजे १ टक्क्याचं अर्धा मिलिलिटर. आयव्हरमेक्टिन पाण्यात नीट विरघळत नाही, त्यामुळे प्रत्येक फवाऱ्याआधी बाटली जोरात हलवावी लागते. न हलवता मारलं तर सुरुवातीला नुसतं पाणी जातं आणि तळाचा शेवटचा भाग तीव्र होतो. उजेडात ते निकामी होतं, म्हणून रोज ताजं करा, उरलेलं ठेवू नका. अंगावर आणि पेटीत हलका फवारा, तोंड-डोळे सोडून, दर चार-पाच दिवसांनी, तीन ते चार आठवडे. हे चालू असताना फिप्रोनिल वापरू नका. दोन्ही विषं एकदम पेलायला ४०० ग्रॅमचं शरीर लहान पडतं.

मात्रा जास्त झाली तर साप मान टाकतो, उताणा केल्यावर सरळ होत नाही, जीभ बाहेर काढणं थांबवतो. यावर उतारा नाही. ऊब, पाणी आणि डॉक्टरांची देखरेख एवढंच हातात राहतं.

कुत्र्यांना चघळायला देतात त्या अफॉक्सोलानेरसारख्या नव्या गटातली औषधंही काही पशुवैद्य आता सापांना तोंडावाटे देतात. पोटात गेल्यामुळे खोलीतल्या कासवाला त्याचा धोका कमी, म्हणून तुमच्या घरासाठी हा पर्याय डॉक्टरांना आवर्जून विचारा. गोळीचा तुकडा स्वतः पाडून देऊ नका. शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय सातारा जिल्ह्यातच आहे. तुमचे डॉक्टर फक्त गाई-म्हशी पाहत असतील तर तिथे चौकशी करायला सांगा.

प्रश्न : सांगलीत हळदीला काय तोटा! हळद, कडुनिंबाचं तेल किंवा तंबाखूचं पाणी चालेल का? रसायन नको वाटतं. (एक वाचक, सांगली)

उत्तर : तंबाखूचं पाणी मुळीच नको, निकोटिन हे जालीम विष आहे आणि घरी उकळलेल्या काढ्याची तीव्रता कुणालाच सांगता येत नाही. हळदीने माइट मरत नाही, उलट पिवळ्या थरामुळे ती दिसेनाशी होते आणि भुकटी सापाच्या नाकात जाते. कडुनिंबाचं तेल सगळ्या अंगाला चोपडलं तर कात अडकते. डांबराच्या गोळ्या आणि कापूर पेटीत ठेवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

रसायनाशिवाय करायचंच असेल तर रस्ता आहे, फक्त कष्टाचा: दिवसाआड अंघोळ, डोक्याला तेलाची कानकाडी, रोज नवा कागद, दर तीन दिवसांनी पेटीला उकळतं पाणी. सलग सहा आठवडे. माइट थोड्या असतील आणि एकच साप असेल तर हे जमतं. तीन-चार साप असतील तर नाही जमत.

प्रश्न : कोकोपीटमध्ये पांढऱ्या, हळू चालणाऱ्या बारीक माइट झाल्या आहेत. सापावर एकही नाही. (एक वाचक, मिरज)

उत्तर : त्या बुरशी आणि कुजका पाला खाणाऱ्या. साप त्यांच्या खिजगणतीत नाही. औषध नको. कोकोपीट बदला, कमी भिजवा, विष्ठा त्याच दिवशी उचला.

प्रश्न : तीन वेळा फिप्रोनिल केलं, वीस दिवस एकही माइट नव्हती, आता पुन्हा आल्या. औषध बनावट असेल का? (एक वाचक, महाबळेश्वर)

उत्तर : औषधापेक्षा तुमच्याकडच्या थंडीचा संशय जास्त आहे. पेटी ३० अंशांवर असली तरी खोली थंड असते. पेटी सोडून भिंतीच्या फटीत किंवा कपाटामागे गेलेल्या माइटचा फेरा त्या गारव्यात लांबतो. तुमची तीन आठवड्यांची मोजणी पेटीतल्या उबेची होती, खोलीतल्या माइट तेव्हा अजून वाढत होत्या. रक्त न मिळालेली पिल्लं महिनाभरही तग धरतात.

म्हणून या वेळी खोलीपासून सुरुवात करा. पेटीभोवती दोन मीटरपर्यंतचं सामान हलवा, फटी व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्या आणि त्यातली पिशवी लगेच फेका. प्लायवूडची पेटी असेल तर सांधे सिलिकॉनने भरून घ्या. ताजं सिलिकॉन आंबूस वास सोडतं, तो पूर्ण जाईपर्यंत साप टबातच. टबाचं टेबल चार वाट्यांत साबणपाणी घालून त्यात उभं करा. मुंग्यांसाठी करतो तसंच. मग उपचार पुन्हा पहिल्यापासून, आणि या वेळी सहा आठवड्यांची मोजणी खोलीत शेवटची माइट दिसली त्या दिवसापासून.

प्रश्न : मी साप पकडून सोडण्याचं काम करतो. परवा धामणीच्या अंगावर मोठ्या गोचिडी होत्या. काढाव्यात का? माझ्याकडे एक बॉल पायथनही आहे. (एक सर्पमित्र, बत्तीस शिराळा)

उत्तर : शिराळ्याच्या माणसाला नागाचं प्रेम शिकवायला नको, पण इथे हात आवरता घ्यावा लागेल. धामण, नाग, घोणस हे सगळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. त्यांना उपचारासाठी म्हणून घरी ठेवणंसुद्धा गुन्हा ठरतो. वन विभागाला कळवा (मदतीचा क्रमांक १९२६) आणि लवकरात लवकर सोडा. निरोगी जंगली सापावर पाच-दहा गोचिडी असणं नेहमीचं आहे. वन विभागाच्या डॉक्टरांनी काढायला सांगितल्या तर गोचिडीवर दहा मिनिटं ओला कापूस ठेवा, चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ ओढा, खवल्याच्या दिशेविरुद्ध पिरगळू नका, आणि जागेवर आयोडीन लावा. रॉकेल नको, काडी तर नकोच. विषारी सापाच्या बाबतीत हे करूच नका. फवारा मारून जंगली साप सोडणं हाही अपराधच समजा.

तुमच्या बॉल पायथनला खरा धोका तुमच्या पिशवीचा आहे. पकडायची कापडी पिशवी प्रत्येक सापानंतर २० मिनिटं उकळत्या पाण्यात. काठी आणि नळी गरम साबणपाण्याने. घरात शिरल्यावर आधी अंघोळ आणि कपडे बदलणं, मग पायथनकडे. पकडलेला साप, अर्ध्या तासासाठीही, पायथनच्या खोलीत ठेवू नका. बाहेरून नवा पाळीव साप आणलात तर तो ६० ते ९० दिवस वेगळ्या खोलीत, कागदावर, आणि त्याचं काम दिवसाच्या शेवटी.

बॉल पायथन साइट्सच्या (वन्य जिवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०२२ ची कायदादुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांनुसार त्याची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. कॉर्न स्नेक त्या यादीत नाही. नोंदणीची पावती आणि सापाच्या वजनाची वही एकाच फाइलमध्ये ठेवा, डॉक्टरांकडे जाताना दोन्ही लागतात.